करंगळीची गाठ

एका राज्यात चित्रबाहू नावाचा राजा राज्य करीत होता. राजा शूर होता, न्यायी होता, देवभक्त होता; पण हट्टी होता, आणि राजाचा हट्ट म्हणजे प्रजेला ताप. त्याचं एक व्रत होतं. रोज सकाळी कुलदेवीच्या पूजेला बसायचं ते कोऱ्या रेशमी वस्त्रात. कालचं आज चालायचं नाही, आजचं उद्या चालायचं नाही. आणि वस्त्र तरी कसलं? बांधून रंगवलेल्या रेशमाचं, हत्ती-पोपट-फुलं ल्यालेलं, उलटं धरा की सुलटं धरा, सारखंच दिसणारं. असं वस्त्र त्याच्या राज्यात कोणाला विणता येत नसे. ते दक्षिणेच्या राज्यातून यायचं, उंटाच्या पाठीवरून यायचं, आणि राजा ते नेसला की देवीच्या गाभाऱ्याचं दार आपोआप उघडायचं.

पण ही कहाणी राजाची नाही. राजांच्या कहाण्या गायला भाट आहेत. ही कहाणी एल्हाईची आहे.

दक्षिणेच्या राज्यात साळ्यांची एक आळी होती. तिथली रीत जगावेगळी. बाकीचं जग आधी कापड विणतं आणि मग रंगवतं. हे लोक आधी धागा रंगवीत. उभा ताणा वेगळा, आडवा बाणा वेगळा. जिथे रंग नको तिथे धाग्यांवर दोऱ्याचे घट्ट वेढे घालायचे, गाठ मारायची, मग सगळं रंगात बुडवायचं. गाठीखाली रंग शिरत नाही. रंग चढून वाळला की गाठ सोडायची. आतलं रेशीम जसंच्या तसं. पुन्हा बांधायचं, पुन्हा बुडवायचं. ताण्यावर अर्धा हत्ती, बाण्यावर अर्धा हत्ती. मागावर दोघे भेटले की हत्ती पुरा व्हायचा.

हे एकट्याचं काम नव्हे. माग तिरपा, त्यावर दोघं शेजारी बसत. एक जण बाण्याचा धोटा आरपार सोडी आणि म्हणे, "दिला गं!" दुसरी तो धरी आणि म्हणे, "घेतला रे!" दिवस उगवल्यापासून आळीत हीच हाक आणि हाच प्रतिसाद.

आणखी एक रीत होती. नवा ताणा मागावर चढला की जोडीतल्या दोघांनी एकमेकांच्या करंगळीला त्याच रेशमाचे वेढे घालायचे आणि गाठ मारायची. वस्त्र मागावरून उतरेपर्यंत ती ठेवायची. सोडायची तीही आपली आपण नाही, जोडीदारानं. आधी सोडली तर जोड मोडते, असं म्हातारी माणसं सांगत, आणि आळीत कोणी ते पारखून बघितलं नव्हतं.

आळीच्या टोकाला एल्हाई आणि तिचा धाकटा भाऊ कान्हो राहत. आईबाप गेले तेव्हा कान्होचे पाय मागावर बसायच्या पाटीवरून जमिनीला पोचत नव्हते. तेव्हापासून माग दोघांचा, चूल दोघांची. एल्हाई डावरी होती, म्हणून तिचे वेढे उलटे पडत. बायका हसत आणि म्हणत, "एल्हाईची गाठ आंधळ्यालाही ओळखू येईल." एल्हाईही हसे.

एकदा वस्त्र पुरं होत आलं आणि पुढच्या ताण्यासाठी तांबडा रंग संपला. तांबडा रंग मंजिष्ठेच्या मुळीचा, आणि मुळी लांबच्या डोंगरात. कान्हो म्हणाला, "अक्का, मीही येतो."

"माग उघडा टाकून दोघांनी जाऊ नये," एल्हाई म्हणाली. "तू बस. मी गेले तशी आले."

तो बसला. ती गेली. मुळ्या खणल्या, वाळवल्या, फडक्यात घातल्या, ओल्या रेशमी दोऱ्यानं गाठोडं करकचून बांधलं आणि ती परत आली.

आळी रिकामी होती.

दारं उघडी होती. चुली थंड होत्या. मागांवर अर्धी वस्त्रं तशीच ताणलेली, आणि त्यांवर धूळ बसली होती. एल्हाईनं एकेका घरात डोकावून हाका मारल्या. कोणी ओ दिली नाही. ती आपल्या घरी आली, मागावर आपल्या जागी बसली, आणि शेजारची रिकामी पाटी बघत राहिली. एवढ्यात आढ्यावरून कान्होचा आवाज आला: "दिला गं!"

"घेतला रे!" ती सवयीनं म्हणाली, आणि तिनं दचकून वर बघितलं. आढ्यावर साळुंकी बसली होती. आळीतलीच साळुंकी ती, रोज सगळ्यांच्या अंगणात दाणे टिपणारी. तिच्या कंठात आळीतला प्रत्येक आवाज होता. तिनं शेजारच्या देमाईच्या आवाजात सांगितलं, "घोडेस्वार आले गं." म्हाताऱ्या सोमसाळ्याच्या आवाजात सांगितलं, "सगळ्यांना गाड्यांत घालतायत." मग पुन्हा कान्होच्या आवाजात ओरडली, "अक्का येऊ दे! माझी अक्का डोंगरात गेलीय! थांबा!"

एवढं बोलून साळुंकी गप्प झाली, कारण पुढचं तिनं ऐकलं नव्हतं.

झालं होतं असं. चित्रबाहू राजाला कोणी चुगली केली की दक्षिणेचा राजा ती वस्त्रं आधी आपल्या पलंगावर अंथरतो, एक झोप काढतो आणि मगच उंटावर चढवतो. म्हणजे इतकी वर्षं राजा दुसऱ्याच्या चादरी नेसून देवीपुढे बसत होता! राजा संतापला. राजा बोले, दळ हाले. स्वार निघाले आणि आळीच्या आळी उचलून घेऊन गेले. वस्त्र विणणारेच दाराशी असले की झालं, असं राजाचं गणित. माणूस म्हणजे काय रोप आहे, इथून उपटलं आणि तिथे लावलं?

एल्हाई काही काळ त्या आळीत एकटी राहिली. सगळ्यांच्या अंगणात सडा घातला, सगळ्यांच्या देवांपुढे दिवा लावला. साळुंकी दिवसभर एकेकाच्या आवाजात बोलायची. देमाईच्या आवाजात मीठ मागायची, सोमसाळ्याच्या आवाजात खोकायची. आवाज होते, माणसं नव्हती. आणि त्याहून वाईट काही असेल असं एल्हाईला वाटेना. आपणच कान्होला बसवून गेलो, एवढंच तिच्या मनात फिरत राही. एके सकाळी तिनं अपुरं वस्त्र ताण्याबाण्यासकट मागावरून सोडवलं, लाकडी रुळाला गुंडाळलं, पाठीला बांधलं. मंजिष्ठेचं गाठोडं कमरेला लावलं. साळुंकी खांद्यावर येऊन बसली. एल्हाई उत्तरेला निघाली.

तिला नदी लागली, ओसाड माळ लागला, बोलक्या झाडांचं रान लागलं. झाडं आपसांत बोलत, तिच्याशी नाही. ऋतू पालटले. अखेर चित्रबाहूच्या राज्याची शीव आली. शिवेवर पाय टाकला मात्र, आणि तिच्या कपाळावरचं कुंकू राखेसारखं झालं. लुगड्याच्या तांबड्या काठाची राख झाली. पुढे बघते तो डाळिंबं राखी, कोंबड्यांचे तुरे राखी, उगवतीचं आभाळही राखी. त्या राज्यात तांबडा रंग उरलाच नव्हता.

एल्हाईनं घाईघाईनं कमरेचं गाठोडं चाचपलं. बाहेरचं फडकं राखी पडलं होतं. आत काय उरलं असेल ते कळायला मार्ग नव्हता. तिनं ते सोडलं नाही, आणखी एक वेढा मात्र घातला.

दरबारात राजा सिंहासनावर बसला होता आणि शेजारी त्याचा मांत्रिक उभा होता. मांत्रिकाचे दोन्ही हात कोपरापर्यंत निळे होते. त्याला सगळे नुसतंच मांत्रिक म्हणत. नाव कोणी घेत नसे.

"कोण तू?" राजानं विचारलं.

"दक्षिणेची साळीण, महाराज. माझा भाऊ तुमच्याकडे आहे. त्याला न्यायला आले."

राजा कडवट हसला. "भाऊ? इथे कोणी कोणाचा भाऊ नाही. मांत्रिका, सांग तिला."

मांत्रिकानं सांगितलं, पावसापाण्याचं बोलावं तसं. साळी इथे आले ते रडत आले. रडत विणायला बसले, तर आसवं पडून रंग फुटू लागले. राजाची आज्ञा झाली, रडं थांबव. मांत्रिकानं विसराच्या निळीचा हौद केला आणि एकेका साळ्याला त्यात बुडवून काढलं. रडं थांबलं. गाव विसरले, नावं विसरले. तरी एखादा ओळखीचा चेहरा दिसला की डोळ्यांतून उगाच पाणी यायचं, म्हणून त्यानं सगळ्यांचे चेहरेही सारखे करून टाकले.

"आणि वस्त्रं?" एल्हाईनं विचारलं.

राजानं मान खाली घातली. वस्त्रं येत होती, पण हत्तीला सोंड नाही, पोपटाला चोच नाही. ताणा एक बोले, बाणा दुसरंच बोले. असल्या वस्त्रात राजा पूजेला बसला आणि देवीचं दार उघडलंच नाही. ते मिटलं त्या दिवसापासून राज्यातून तांबडा रंग निघून गेला. नवऱ्या मुली राखेचा टिळा लावून बोहल्यावर चढू लागल्या. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. पण हे राजाला तोंडावर कोण सांगणार?

"महाराज," एल्हाई म्हणाली, "काय केलं म्हणजे माझा भाऊ मला द्याल?"

राजानं मांत्रिकाकडे बघितलं. मांत्रिक म्हणाला, "तीन कामं. देवीच्या उंबऱ्याला लावायला चिमूटभर तांबडा रंग आण. तुझा भाऊ साळ्यांतून ओळखून काढ. आणि एक निर्दोष वस्त्र सूर्य मावळायच्या आत त्याच्यासोबत विणून उतरव. तिन्ही झाली तर भाऊ तुझा. एक जरी चुकलं तर तुलाही हौद आहे."

"कबूल," एल्हाई म्हणाली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. पण कधी कधी गरजवंतापाशी तेवढीच असते.

पहिलं काम. एल्हाई देवीच्या मिटल्या दारापुढे बसली आणि कमरेचं गाठोडं पुढ्यात घेतलं. आत राख असेल तर सगळं तिथेच संपणार होतं. तिनं नखानं वेढे उकलले, गाठ सोडली, फडकं उघडलं. आतल्या मुळ्या तांबड्याबुंद होत्या. शिवेवरून सगळ्या राज्याला चढलेला राखाडीपणा गाठीच्या आत शिरलाच नव्हता. तिनं तुरटी घालून मुळी उकळली आणि रंग बोटानं उंबऱ्याला लावला. राजा पुढे झाला, गुडघ्यांवर बसला, आणि त्या तांबड्या बोटाकडे कितीतरी वेळ बघत राहिला. दार मात्र मिटलेलंच होतं.

दुसरं काम. एका लांब दालनात सगळे साळी मागांवर बसले होते. अंग निळसर, डोळे शांत, चेहरा सगळ्यांचा एकच. कोणाचंच तोंड हलत नव्हतं. धोटे जात होते, येत होते. पण 'दिला गं' नाही आणि 'घेतला रे' नाही. एल्हाईला वाटलं, आपण आपल्या रिकाम्या आळीत परत आलो.

तिनं चेहऱ्यांकडे बघितलंच नाही. ती हात बघत निघाली. सगळ्यांना अर्ध्या वस्त्रावरून उचललेलं, म्हणून प्रत्येकाच्या करंगळीला अजून गाठ होती, निळीत बुडून काळपट झालेली. कोणाचे वेढे सैल, कोणाचे दाट, सगळे उजवे. ती चालत राहिली. दालनाच्या शेवटच्या मागापाशी ती थांबली. तिथल्या करंगळीवरचे वेढे उलटे होते.

"हा माझा कान्हो," ती म्हणाली.

मांत्रिकानं हात फिरवला. सारखेपणा उतरला आणि कान्होचा चेहरा वर आला. तोच रुंद कपाळाचा, हनुवटीवर खोकेचा वण असलेला. पण डोळे वळले नाहीत.

"कान्हो, अरे, मी अक्का."

"कोण बाई तुम्ही?" तो अदबीनं म्हणाला.

साळुंकी तिच्या खांद्यावरून पुढे झुकली आणि त्याच्याच आवाजात ओरडली, "अक्का येऊ दे! माझी अक्का डोंगरात गेलीय!"

कान्होनं मान कलती करून ऐकलं. "पक्षी छान बोलतो," तो म्हणाला, आणि पुन्हा धोटा उचलला.

एल्हाई इतक्या वाटा एकटी चालली होती, पण एवढी एकटी ती कधीच झाली नव्हती. आळीत निदान तो कुठेतरी आहे असं म्हणता येत होतं. आता तो वीतभर अंतरावर होता आणि कुठेच नव्हता.

तिसरं काम. तिनं पाठीवरचा रूळ उतरवला आणि अपुरं वस्त्र मागावर चढवलं; त्यातला तांबडाही शिवेवर राखी पडला होता, पण खुणा दिसत होत्या. राहिलं होतं ते एवढंसं: एका हत्तीची सोंड, एका पोपटाची चोच, काठ. सूर्य मावळायच्या आत ते उतरायला हवं होतं. एल्हाई आपल्या जागी बसली, कान्हो आपल्या. त्यानं धोटा सोडला, तिनं धरला. त्याचे हात काम जाणत होते. पण प्रत्येक धाग्यानंतर थांबायचं असतं, बाण्यावरची खूण ताण्यावरच्या खुणेशी सुईनं जुळवायची असते, आणि ते जुळवायला आपल्याला काय विणायचंय ते आठवावं लागतं. तो थांबतच नव्हता. सोंड फाटली. एल्हाईनं धागे उसवले. पुन्हा विणलं, पुन्हा फाटली. बाहेर ऊन उतरणीला लागलं.

मांत्रिक जवळ येऊन उभा होता. त्याची नजर कान्होच्या करंगळीवर होती.

"ती गाठ सोडू नकोस," तो म्हणाला. "बुडवलेल्या माणसावर ज्याची गाठ, त्याचा हक्क. माझ्या मंत्राचा एवढाच नियम आहे. गाठ आहे तोवर तू त्याला 'माझा' म्हणू शकतेस. सोडलीस तर तो कायमचा राजाचा."

एल्हाईनं आपला हात मागे घेतला. गाठ सोडायचं तिच्या मनातही नव्हतं. वस्त्र उतरण्याआधी सोडली तर जोड मोडते. हे तिला आईनं सांगितलेलं, आईला आजीनं. सगळं हरलं तरी ती गाठ उरली असती, आणि आपण हौदात बुडाल्यावरही त्या करंगळीकडे बघून कोणी म्हटलं असतं, हा कोणाचा तरी आहे.

ती तशीच बसली. समोर रिकामं फडकं पडलं होतं, मंजिष्ठेचं. बाहेरून राखी आणि आतून, जिथे गाठ होती तिथे, तांबडं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जन्मभर जे हातानं केलं ते तिला माणसाच्या बाबतीत सुचलंच नव्हतं. बांधलेलं राहतं खरं, पण सोडल्याशिवाय ते कोणाला दिसत नाही. सगळी आळी ताण्याच्या गाठी रोज सोडत होती आणि करंगळीची गाठ सोडायला तेवढी भीत होती.

पण ती धाग्याची गोष्ट होती. माणूस धाग्यासारखा नसला तर? गाठीखाली काहीच नसलं तर? मग भाऊही गेला आणि हक्कही गेला. एल्हाईला फार भीती वाटली. सल्ला विचारायला जवळ कोणी नव्हतं. तिनं कान्होचा हात आपल्या हातात घेतला. त्यानं तो परक्या माणसाच्या हातात द्यावा तसा दिला.

"बाई," मांत्रिक म्हणाला, "पुन्हा विचार कर."

"केला," एल्हाई म्हणाली, आणि नखानं गाठ सोडली.

वेढे उकलले. निळ्या करंगळीवर गव्हाळ कातडीचं एक बारीक कडं उमटलं, रेशमाच्या दोऱ्याएवढं. कान्हो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली आणि तिच्या तोंडाकडे, धुळीनं भरलेल्या केसांकडे बघितलं.

"आलीस? मंजिष्ठा मिळाली का गं, अक्का?" त्यानं विचारलं.

तिनं नुसती मान हलवली.

"मग तोंड असं का केलंयस? बस की. माग उघडा टाकून उठलो नाही मी. तू सांगितलं होतंस ना." आणि त्यानं धोटा सोडला. "दिला गं!"

तिनं धोटा धरला. खांद्यावरून साळुंकीच म्हणाली, एल्हाईच्या आवाजात, "घेतला रे!" तो आवाजही तिनं आळीतूनच उचललेला होता. दुसऱ्या धाग्याला मात्र एल्हाई स्वतः म्हणाली.

सोंड जुळली, चोच जुळली, काठ जुळला. सूर्य टेकडीला टेकला आणि वस्त्र मागावरून उतरलं. राजा ते नेसून देवीपुढे उभा राहिला. दार उघडलं. कोंबड्यांच्या तुऱ्यांत तांबडा रंग परत आला, डाळिंबांत आला, नवऱ्या मुलींच्या कपाळावर आला, आणि मावळतीचं आभाळ असं पेटलं की लोक घराबाहेर येऊन उभे राहिले. दालनातल्या सगळ्या साळ्यांचे चेहरे आपापल्या जागी परत आले.

"भाऊ तुझा," राजा म्हणाला. "गाठ सुटली तरी माझं वचन आहे."

"माझी आळी माझी, महाराज," एल्हाई म्हणाली. "एका मागाची आळी होत नाही."

राजानं देवीच्या उघड्या दाराकडे बघितलं. "त्यांनी जावं किंवा राहावं," तो म्हणाला. "मी कोणाला धरून ठेवणार नाही."

मग एल्हाईनं एकेका करंगळीवरचे वेढे बघून जोड्या लावल्या. सगळ्यांचे हात तिच्या ओळखीचे होते. जोडीदारानं जोडीदाराची गाठ सोडली, आणि ज्याच्या त्याच्या गाठीखाली जेवढं राहिलं होतं तेवढंच ज्याला त्याला आठवलं. देमाईला आपण मीठ उसनं मागायला निघालो होतो ते आठवलं. सोमसाळ्याला अंगणातली चिंच आठवली. कोणाला विहिरीचा रहाट, कोणाला अर्धं भांडण. ज्यांचं भांडण होतं त्यांनी ते तिथेच पुरं केलं, आणि सगळे हसले. ठिपक्याशेजारी ठिपका ठेवत ठेवत त्यांनी आळी पुन्हा उभी केली. मधे मधे जागा मोकळ्या राहिल्या. त्या भरायला एल्हाई होती, कारण न बुडालेली ती एकटीच होती. सगळं पुरतं आठवणारी आता आळीत तीच एक उरली.

मांत्रिक दाराशी उभा राहून हे बघत होता. शेवटी पुढे आला आणि आपले निळे हात त्यानं तिच्यापुढे धरले. हौद ढवळता ढवळता तोही बुडाला होता. आपलं नाव, आपलं गाव, पहिली आज्ञा कोणाची, त्याला काही ठाऊक नव्हतं.

"माझी गाठ बघ," तो म्हणाला. "कुठे आहे?"

एल्हाईनं दोन्ही हातांची बोटं तपासली. गाठ नव्हती. त्याला कोणी कधी बांधलीच नव्हती. त्याच्याविषयी तिच्या मनात राग होता, तो गेलाही नाही. पण तिनं उरलेलं रेशीम घेतलं आणि त्याच्या करंगळीला उलटे वेढे घातले.

"ही कोण सोडणार?" त्यानं विचारलं.

"जो तुझ्याबरोबर मागावर बसेल तो."

मांत्रिकानं हौद फोडला आणि तो साळ्यांच्या दालनात झाडलोट करीत राहिला, कोणी जोडीला बोलावील का याची वाट बघत. राजानं आपलं व्रत बदललं. कोरं वस्त्र नको, एकच वस्त्र. ते रोज पहाटे नदीवर स्वतः धुवायचं आणि नेसायचं. राजे धुणं धुतात का? देवी एकदा रुसलेली बघितली की धुतात. काही साळी तिथेच राहिले, काही दक्षिणेला निघाले.

एल्हाई आणि कान्हो निघाले. पुढे साळुंकी, मागे ही दोघं. शिवेपाशी आल्यावर कान्हो थांबला.

"अक्का, वस्त्र उतरलं, राजाचं ते नेसूनही झालं, आणि तुझी गाठ तशीच?"

तिनं करंगळी पुढे केली. इतक्या वाटा चालून, इतकी कामं करून ती गाठ तशीच होती, कारण ती सोडायला दुसरं माणूस लागतं. कान्होनं नखानं वेढे उकलले. खाली विशेष काही नव्हतं. ऊन न लागलेल्या कातडीचं एक फिकट कडं, बस. एल्हाई त्या दिवसापर्यंत रडली नव्हती. रिकाम्या आळीत नाही, दालनात नाही. ती शिवेच्या दगडावर बसून रडली, आणि कान्हो तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. ती का रडते ते त्याला पुरतं कळत नव्हतं. त्याच्यापाशी दोऱ्याएवढीच आठवण होती.

मग त्यानं हळूच विचारलं, "अक्का, आपल्याला आई होती ना? तिचं नाव काय होतं गं?"

एल्हाईनं डोळे पुसले, त्याला शेजारी बसवलं, आणि सांगायला सुरुवात केली.

ताण्याला बाणा भेटला, कहाणीचं वस्त्र मागावरून उतरलं. ज्यानं ऐकलं त्यानं घडी घालून ठेवावं, आणि करंगळीला गाठ असेल तर ज्याची आहे त्याच्याकडून सोडवून घ्यावी.